मुलगा मामावर गेला



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. दुसरी मिस्सा आटोपून मी ओसरीवर येऊन बसलो होतो. पाऊस संततधार लागलेला. अशा पावसात एक तरुण माता आपल्या आईबरोबर माझ्याकडे आली. पदराआड दोन महिन्यांचे बाळ होते. बाळ गुटगुटीत दिसत होते. परंतु आईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे पडली होती. तिने पिशवीतून इस्पितळाचा एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

तिची हकीकत थोडक्यात अशी. पहिले बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती. बाळ सुखरूप जन्मले. घरी आणल्यावर आजीने मोठ्या हौसेने पेटीतली ठेवणीची झबली, टोपडी आणि दुपटी काढली. कसर लागू नये म्हणून त्या पेटीत वर्षभर डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या होत्या. पाचव्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागले. सहाव्या दिवशी डोळ्यांची बुबुळांभोवतालची पांढरी जागाही हळदीसारखी झाली आणि ते दूध ओढीना. कोणी म्हणाले, काविळीची माळ आणा. कोणी म्हणाले, थोडे कोवळे ऊन दाखवा. सुदैवाने बाळाच्या आजोबांनी कोणाचे न ऐकता जीप ठरवली आणि जिल्ह्याचे इस्पितळ गाठले. तेथे बाळाला निळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली ठेवले, रक्तही बदलावे लागले आणि बाळ वाचले. त्यानंतर केलेल्या तपासणीत डॉक्टरांनी त्या कागदावर एक लांबलचक नाव लिहून दिले.

“फादर,” ती म्हणाली, “हे नाव आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाही. पण डॉक्टरांनी सांगितले की हा दोष बाळाला आईकडून आला. सासूबाईंनी तेवढेच ऐकले. त्या म्हणाल्या, आमच्या सात पिढ्यांत असले काही नव्हते, माहेरचे दुखणे माहेरीच राहू दे. बाळाच्या बाप्तिस्म्याला सासरचे कुणी आले नाही. फादर, माझे काय चुकले?”

मी कागद वाचला. त्यावर ‘ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज’ ह्या विकराची कमतरता असल्याची नोंद होती. डॉक्टरमंडळी ह्यालाच थोडक्यात ‘जी-६-पी-डी’ म्हणतात. मी तिला एकच प्रश्न विचारला, “मुली, तुला भाऊ आहे का? त्याला कधी असे काही झाले होते का?”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिले. मग आजी हळूच म्हणाली, “थोरला आहे, फादर. तीन वर्षांमागे परगावी कामाला असताना त्याला हिवताप आला. कसल्याशा गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. दोन बाटल्या रक्त चढवले, तेव्हा उठला. आम्ही समजलो, तापच वाईट होता.”

वाचकहो, आपण सहज म्हणतो, ‘मुलगा मामावर गेला.’ नाकडोळ्यांच्या बाबतीत हे कितपत खरे असते, देव जाणे. परंतु ह्या दुखण्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे, आणि असे का होते हे शोधून काढण्यासाठी जगातील अनेक शास्त्रज्ञांना पन्नासहून अधिक वर्षे खपावे लागले. त्या मातेला मी ओसरीवर जे तुटकपणे सांगितले, ते येथे तपशीलवार सांगतो. कारण तिच्यासारखा प्रश्न मनात दडपून बसलेल्या माता आपल्या गावोगावी असतील.

आधी हे विकर म्हणजे काय, ते पाहू. आपल्या देहातील प्रत्येक पेशीत असंख्य रासायनिक कामे अखंड चालू असतात. ती कामे आपोआप होत नाहीत. प्रत्येक कामाला एक कामकरी नेमलेला असतो. ह्या कामकऱ्यांना मराठी शास्त्रग्रंथांत विकरे म्हणतात आणि डॉक्टर एन्झाइम म्हणतात. आपले हे विकर साखरेवर काम करते. परंतु त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. रक्तातील तांबडी पेशी प्राणवायू वाहून नेते. जेथे लोखंड आणि प्राणवायू एकत्र येतात तेथे गंजाचे भय असते, हे आपल्या नांगराच्या फाळावरूनही आपणांस ठाऊक आहे. तांबड्या पेशीलाही तसल्याच जळजळीचे भय असते. त्यापासून तिचे रक्षण करणारे द्रव्य सतत ताजे राखणे, हे ह्या विकराचे काम. इतर पेशींना त्यासाठी दुसरे मार्गही असतात. तांबड्या पेशीला मात्र हा एकच मार्ग आहे.

ज्याच्या अंगी हे विकर कमी असते, तो माणूस एरवी ठणठणीत असतो. शेतात राबतो, फुटबॉल खेळतो, म्हातारा होतो. मात्र काही विशिष्ट औषधे, डांबराच्या गोळ्यांचा वास, बाकला नावाची शेंग किंवा एखादा तीव्र ताप ह्यांच्यामुळे तांबड्या पेशींवर एकाएकी ताण आला की त्या हजारोंनी फुटू लागतात. रंग पिवळा पडतो, लघवी काळपट होते आणि धाप लागते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे यकृत अद्याप कोवळे असते. फुटलेल्या पेशींतून निघणारे पिवळे द्रव्य त्याला वेळेवर बाहेर टाकता येत नाही, आणि ते फार वाढले तर बाळाच्या मेंदूला कायमची इजा करते. म्हणूनच त्या आजोबांनी ठरवलेली जीप हीच त्या बाळाची पहिली जीवदात्री.

भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांना बाकल्याचे हे दुखणे फार प्राचीन काळापासून परिचयाचे होते. त्याचे कारण मात्र भलतीकडेच सापडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याला हिवतापाने जेरीस आणले, तेव्हा १९४४ पासून इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल येथील तुरुंगात बंदिवानांवर नव्या औषधांचे प्रयोग सुरू झाले. बंदिवानाच्या संमतीला खरी संमती म्हणावे काय, ह्यावर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. शिकागो विद्यापीठाचे आल्फ आल्व्हिंग हे ह्या कामाचे प्रमुख होते. यकृतात दडून बसलेले हिवतापाचे जंतू मारणारे प्रायमाक्विन हे औषध तेथे पारखले गेले. बहुतेकांना ते सोसले. परंतु आफ्रिकी वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे दहांत एकाचे रक्त त्याने फुटू लागले.

दोष औषधात, शरीरात की रक्तात? १९५४ मध्ये डर्न, आल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याची परीक्षा पाहिली. ज्यांना औषध बाधते त्यांच्या तांबड्या पेशींवर किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसाच्या अंगात सोडल्या आणि त्याला औषध दिले. परक्या देहात जाऊनही त्या पेशी फुटल्याच. उलट, निरोगी माणसाच्या पेशी बाधणाऱ्याच्या अंगात सोडल्या, तर त्या टिकून राहिल्या. म्हणजे दोष देहात नसून तांबड्या पेशीतच होता. मग १९५६ मध्ये पॉल कार्सन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्या पेशींत नेमके हेच विकर उणे असल्याचे दाखवून दिले.

विकर सापडले. आता पुढचा प्रश्न असा की, हे विकर घडविण्याची आज्ञा देहात कोठे लिहिलेली आहे?

आपल्या प्रत्येक पेशीच्या गाभ्यात सूक्ष्म धाग्यांच्या जोड्या असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. ती ४६ आहेत, म्हणजे २३ जोड्या, ही साधी मोजणीसुद्धा १९५६ पर्यंत चुकत आली होती. ती त्या वर्षी त्यो आणि लेव्हान ह्या दोघांनी सुधारली. प्रत्येक जोडीतला एक धागा आईकडून येतो आणि एक बापाकडून. ह्या धाग्यांवर जनुके असतात. एकेक जनुक म्हणजे एकेक आज्ञापत्र समजावे. ब्रुनो नगरातील मठात वाटाण्याच्या वेलांची निगराणी करणारे ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल ह्यांनी १८६५ मध्ये आनुवंशिकतेचे नियम मांडले, तेव्हा त्यांना गुणसूत्रे ठाऊक नव्हती. आज्ञापत्रे पिढ्यान्‌पिढ्या पोहोचतात हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे घर कोठे आहे, ते पुढच्यांनी शोधावयाचे होते.

शेवटची जोडी विशेष आहे. स्त्रीच्या अंगी एक्स नावाची दोन गुणसूत्रे असतात. पुरुषाच्या अंगी एक एक्स आणि एक वाय. बाप मुलाला वाय देतो आणि मुलीला एक्स. मुलाचा एक्स हा केवळ आईकडूनच येतो. आता हे जनुक जर एक्सवर असेल, तर काय घडेल? मुलाच्या अंगी एकच एक्स. त्यावरचे आज्ञापत्र सदोष असले, तर दुसरी प्रत हाताशी नाही. म्हणून दुखणे प्रकट होते. आईजवळ मात्र दोन प्रती असतात. एक सदोष असली तरी दुसरीवर बहुधा तिचे भागते, आणि आपल्याजवळ असे काही आहे ह्याची तिला जन्मभर वार्ताही नसते.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात बार्टन चाइल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाधित माणसांच्या कुटुंबांची तपासणी केली आणि १९५८ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. वारसा आईकडून मुलाकडे येतो, मामाकडे आणि भाच्याकडे सारखाच आढळतो, बापाकडून मुलाकडे जात नाही. ही एक्स गुणसूत्राचीच खूण होती.

परंतु शास्त्रज्ञ एका खुणेवर समाधान मानीत नाहीत. त्यांना शेजारी हवा होता. तांबडा व हिरवा रंग नीट न ओळखता येणे, म्हणजे रंगांधता, ही एक्सवर आहे असे एडमंड विल्सन ह्यांनी १९११ मध्येच सांगितले होते. मानवाचे एखादे लक्षण एका विशिष्ट गुणसूत्राशी जोडले गेल्याचा तो पहिलाच प्रसंग. आता समजा, एकाच वाडीतील दोन शेजारी नेहमी एकाच एस्टीने बाजाराला येतात. त्यांना वारंवार बरोबर उतरताना पाहिले, की ते जवळजवळ राहतात हे आपण न विचारताच ओळखतो. जनुकांचेही तसेच आहे. एका धाग्यावर जी जवळजवळ असतात, ती पुढच्या पिढीत बहुधा बरोबरच उतरतात. जी दूर असतात त्यांची वरचेवर ताटातूट होते. १९६१ मध्ये इस्रायलमधील अॅव्हिनोअम अॅडम ह्यांनी दाखविले की, काही कुटुंबांत रंगांधता आणि ह्या विकराची कमतरता ही जोडीने उतरतात. पुढे अमेरिकेत आणि हिवतापाने शतकानुशतके गांजलेल्या सार्डिनिया बेटावरही हेच दिसून आले. जनुकाची वाडी सापडली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मेरी लायन ह्या विदुषीने एक नवल मांडले. उंदरांच्या मादीच्या अंगावरील रंगांचे ठिपके पाहून तिने असे अनुमान केले की, मादीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एकच एक्स जागा असतो. दुसरा निजवला जातो. कोणत्या पेशीत कोणता निजणार, हे अगदी आरंभी ठरते आणि त्या पेशीच्या सर्व लेकरांत तसेच राहते. हे मानवी स्त्रीबाबत खरे आहे काय, ह्याची कसोटी पाहण्यास आपलेच विकर उपयोगी पडले. १९६३ मध्ये बाल्टिमोर येथे डेव्हिडसन, निटोव्स्की आणि चाइल्ड्स ह्यांनी, विकराचे दोन वेगळे प्रकार वाहणाऱ्या स्त्रियांच्या कातडीच्या एकेका पेशीपासून काचपात्रात पेशींची कुळे वाढविली. प्रत्येक कुळात दोहोंपैकी एकच प्रकार निघाला. दोन्ही एकत्र कधीच नाहीत. म्हणजे वारसा वाहणाऱ्या मातेच्या देहात निरोगी आणि उणीव असलेल्या पेशी शेजारीशेजारी नांदत असतात. काही स्त्रियांत योगायोगाने दुसऱ्या प्रकारच्या पेशी जास्त निघतात. त्यांनाही हे दुखणे होऊ शकते. म्हणून ‘बायकांना हे होतच नाही’ असे समजून चालू नये.

आता घर शोधावयाचे होते. येथे जी रीत उपयोगात आली ती ऐकून काहींना धक्का बसेल, म्हणून आधीच सांगतो की तीत कोणताही प्राणी निर्माण केला गेला नाही; सारे काम काचपात्रातील पेशींवर झाले. माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र वाढविल्या, तर कधीकधी त्या एकमेकींत मिसळून एक होतात. १९६७ मध्ये न्यू यॉर्क येथे मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन ह्यांच्या ध्यानी आले की, अशी मिश्र पेशी वाढत जाते तशी ती माणसाची गुणसूत्रे एकामागून एक टाकून देते. उंदराची मात्र राखते. शोध घेणाऱ्याला ह्याहून सोयीचे काय असणार? भरल्या घरातून एकेक माणूस बाहेर पडत जावा आणि कोण गेल्यावर कोणते काम बंद पडले ते पाहावे, तसा हा प्रकार. मानवी विकर ज्या पेशीत टिकले, त्या पेशीत कोणते मानवी गुणसूत्र टिकले आहे ते पाहावयाचे. माणसाचे आणि उंदराचे विकर वेगवेगळे ओळखता येते. कारण विजेच्या प्रवाहात ती दोन्ही निरनिराळ्या वेगाने सरकतात.

ह्या रीतीने थायमिडिन कायनेज नावाच्या एका वेगळ्या विकराचे जनुक १९७१ मध्ये सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे निश्चित झाले. तोपर्यंत प्रत्येक गुणसूत्रावर आडवे पट्टे उमटविणारा रंगही हाती आला होता. त्यामुळे सतरावे कोणते आणि अठरावे कोणते, हे डोळ्यांनी सांगता येऊ लागले.

मग १९७३ मध्ये येल विद्यापीठातील रिच्युटी आणि रडल ह्यांनी हीच युक्ती आपल्या विकराला लावली. त्यांनी एका अशा माणसाच्या पेशी घेतल्या की, जिच्यात एक्सचा लांब हात तुटून चौदाव्या गुणसूत्राला चिकटलेला होता. उंदराच्या पेशींशी मिसळल्यावर जेथे हा जोडधागा टिकला तेथे आपले विकर टिकले. जेथे तो गळाला तेथे तेही गेले. म्हणजे जनुक एक्सच्या लांब हातावरच होते. १९८० मध्ये ते त्या हाताच्या अगदी टोकाजवळ आहे हे कळले. १९८६ मध्ये इटलीतील शास्त्रज्ञांनी जनुकाची अक्षरे वाचून दाखविली. एक्सवरील एकूण अक्षरे सुमारे साडेपंधरा कोटी. त्यांत आपल्या जनुकाचा वाटा सुमारे १८,००० अक्षरांचा. २०२० मध्ये तर हे संपूर्ण गुणसूत्र एकाही ठिकाणी रिकामी जागा न सोडता टोकापासून टोकापर्यंत वाचले गेले.

आपल्या मुलखाचाही ह्या शोधात वाटा आहे. मुंबईतील संशोधकांनी १९६३ मध्ये पारशी समाजात ही कमतरता बरीच आढळते असे प्रसिद्ध केले. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात ह्या विकराचा एक निराळा प्रकार सापडला. त्याला ‘कल्याण’ असे नाव देण्यात आले. पुढे कळले की केरळात सापडलेला एक प्रकार आणि हा कल्याणचा प्रकार मुळात एकच आहेत. हे विकर म्हणजे ५१५ मण्यांची माळ आहे असे समजा. त्यांतला ३१७ वा मणी तेवढा बदललेला. पाचशे पंधरांत एक मणी, आणि त्याची आज्ञा लिहिणाऱ्या हजारो अक्षरांत एक अक्षर!

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे वळू. माझे काय चुकले?

काहीही नाही. ते अक्षर तिने लिहिले नाही. तिच्या आईनेही लिहिले नाही. ते कदाचित शेकडो पिढ्यांपूर्वी बदलले आणि मुकाट्याने एका एक्सवरून दुसऱ्या एक्सवर उतरत आले. डोहाळ्यांत काय खाल्ले, ग्रहणात बाहेर पडली का, कोणाची नजर लागली, ह्यांतील कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. आणि सासूबाईंचे ‘आमच्या सात पिढ्यांत नव्हते’ हे म्हणणे खरे असले तरी व्यर्थ आहे. मुलाला एक्स बापाकडून मिळतच नाही. मग बापाच्या घराण्यात ते असो वा नसो, ह्या नातवाच्या बाबतीत त्याला काही महत्त्व नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जगात सुमारे चाळीस कोटी लोकांच्या अंगी ही कमतरता आहे. ज्याला केवळ दोष म्हणावे ते इतके पसरेल कसे? १९६० च्या सुमारास संशोधकांना दिसू लागले की, जेथे जीवघेणा हिवताप पूर्वापार माजला होता तेथेच ही कमतरता अधिक आहे. आणि जिच्या अंगी ती असते, त्या व्यक्तीला त्या हिवतापाच्या प्राणघातक हल्ल्यापासून काही अंशी संरक्षण मिळते. ज्या पूर्वजांनी मुलाबाळांसह हिवतापाचे दिवस काढले, त्यांच्यापैकी कित्येकांना ह्याच ‘दोषा’ने तारले असेल. एका काळी ज्याने वाचविले तेच आज डांबराच्या गोळीपुढे हात टेकते. असल्या वारशाला कलंक म्हणणे हे अज्ञानच नव्हे, कृतघ्नपणाही आहे.

मग ह्या जनुकाचे घर कळून आपणांस लाभ काय? लाभ हाच की, आता अंधारात चाचपडावे लागत नाही; कोणाला सावध करावयाचे ते कळते. हिशेब सोपा आहे. वारसा वाहणाऱ्या मातेच्या प्रत्येक मुलाला तो येण्याचा संभव निम्मा, आणि प्रत्येक मुलीला तो पुढे वाहण्याचा संभवही निम्मा. ज्या पुरुषाच्या अंगी कमतरता आहे, त्याच्या मुलग्यांना त्याच्याकडून ती मुळीच जात नाही. परंतु त्याच्या प्रत्येक मुलीकडे ती जाते. म्हणून बाळात ती सापडली की आधी बाळाच्या मामांना आणि मावश्यांना कळवावे. लपवून ठेवल्याने लग्ने जुळतील असे वाटते. परंतु त्या लपविण्याची किंमत एखादे तान्हे बाळ देते.

काही व्यवहारातल्या गोष्टी सांगतो. ज्या घरी ही कमतरता आहे किंवा तिचा संशय आहे, तेथे डांबराच्या गोळ्या घरात आणूच नयेत. बाळाचे कपडे धुऊन कडक उन्हात वाळवून वापरावे. तान्ह्या मुलाच्या हातापायांना मेंदी लावू नये. बाकला खाऊ नये, आणि असे बाळ अंगावर पीत असेल तर आईनेही खाऊ नये. मात्र आपला वाल, पावटा, चवळी म्हणजे बाकला नव्हे, त्यांना उगाच दोष देऊ नये. हिवतापावर प्रायमाक्विन देण्याची वेळ आली, तर ही तपासणी झाली आहे का ते डॉक्टरांना विचारावे, आणि झाली असेल तर तिचा कागद दाखवावा. महारोगावर दिल्या जाणाऱ्या डॅप्सोन ह्या औषधाविषयीही तेच. मात्र स्वतःच्या मनाने कोणतेही औषध बंद करू नये; निर्णय डॉक्टरांचा. तपासणीबाबतही एक सूचना आहे. रक्त नुकतेच फुटलेले असते तेव्हा जुन्या, दुबळ्या पेशी निघून गेलेल्या असतात आणि नव्या पेशींत विकर त्यामानाने अधिक असते. त्यामुळे तेव्हा केलेली तपासणी फसवू शकते. म्हणून अशा वेळी सुमारे तीन महिन्यांनी ती पुन्हा करून घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, नवजात बाळ पिवळे दिसू लागले, विशेषतः ते दूध ओढीत नसेल किंवा फार झोपाळू झाले असेल, तर माळ, उतारा आणि कोवळे ऊन ह्यांत एक दिवसही घालवू नये. तडक इस्पितळ गाठावे.

त्या रविवारी एवढे सारे मी त्या मातेला सांगू शकलो नाही. मी कागदाच्या पाठीमागे एक वंशवृक्ष काढला: आजी, तिची तीन मुले, हे बाळ. मामाच्या नावाभोवती एक वर्तुळ काढले आणि बाळाच्या नावाभोवती दुसरे. धाकट्या मावशीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लिहीत असताना आजी एकदम म्हणाली, “फादर, तिला सातवा महिना आहे!” तेव्हाच त्या कागदाचा खरा उपयोग काय तो माझ्याही लक्षात आला. दुसऱ्याच दिवशी धाकट्या मुलीकडे निरोप गेला. तिच्या डॉक्टरांना आधीच कळविण्यात आले. तिला मुलगा झाला. त्याच्या अंगीही हीच कमतरता निघाली. परंतु इस्पितळात त्याच्यावर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवलेले होते, घरात डांबराची एकही गोळी नव्हती, आणि चार दिवस दिव्याखाली ठेवल्यावर तो हसतखेळत घरी आला. त्याला रक्त बदलावे लागले नाही.

सासूबाईंकडे मी तोच कागद घेऊन स्वतः गेलो. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वंशवृक्षाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्या मुलाकडून काही आलेच नाही म्हणता. आणि तिच्याकडून आले, ते तिला ठाऊकही नव्हते.”

“होय,” मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मिस्सेला त्या सुनेला आणि नातवाला घेऊन आल्या होत्या. बाळ त्यांच्याच मांडीवर होते. मिस्सेनंतर शेजारणी जमल्या आणि नेहमीप्रमाणे रूप पाहणे सुरू झाले. कोणी म्हणाले, कपाळ बापाचे. कोणी म्हणाले, हनुवटी आजोबांची. सासूबाई बाळाच्या दुपट्याची घडी सारखी करीत म्हणाल्या, “नाही, नाही. आमचा मुलगा मामावर गेला आहे. त्याच्यासाठी औषध आणाल, तर आधी त्याच्या मामाला काय बाधले ते विचारा.”

तुमचा,
फादर